ताओचा झाला ताव

मुद्रितशोधक म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई प्रयोगशाळेत बसून काहीतरी शोध लावते. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी मला विचारलंही होतं, "मग लागला का काही शोध?" म्हटलं, "लागला की! आपली माणसं सही सोडून काहीच नीट लिहीत नाहीत, हा शोध लागला." नंतर त्या जिलबी संपेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

नाशिकला रविवार कारंजाजवळच्या एका बोळात, एका छापखान्यात मी बावीस वर्षं प्रुफं तपासली. काम सांगायला अगदी सोपं. लेखक लिहितो. ऑपरेटर ते कॉम्प्युटरवर टाइप करतो. त्याच्या आधी शिशाचे खिळे जुळवणारे होते, पण चुका करण्याच्या बाबतीत दोघे सख्खे भाऊ. टाइप केलेल्याचा कच्चा छाप काढतात, ते प्रूफ. मूळ कागद डाव्या हाताला, प्रूफ उजव्या हाताला, आणि लाल पेनाने समासात खुणा करत मी मध्ये. खुणा पाहून ऑपरेटर दुरुस्त्या करतो आणि दहा चुका काढताना दोन नव्या घालून ठेवतो. की पुन्हा प्रूफ. चुका संपत नाहीत, एक दिवस मालकाचा धीर संपतो आणि पुस्तक छापायला जातं.

दिंडोरीचे एक बागायतदार एकदा द्राक्षबागेच्या कामांचं वेळापत्रक छापायला घेऊन आले होते. त्यात 'ऑक्टोबर छाटणी'ची 'ऑक्टोबर चाटणी' झाली. मी खूण केली, तर ऑपरेटरने तिची 'चटणी' केली. तिसऱ्या वेळी मी त्याच्या खुर्चीमागेच जाऊन उभी राहिले. बागायतदार मला म्हणतात कसे, "जाऊ द्या ना ताई, आमच्या लोकांना कळतं काय करायचं ते. लय मनावर नका घेऊ." हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. कळतंय ना? मग छापता कशाला? घरी बसा की!

तर सांगायचं आहे ते देवरे सरांबद्दल. दोन हजार सालानंतरची गोष्ट, एक-दोन वर्षं इकडेतिकडे. सर मूळचे सटाण्याकडचे, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले, पंचवटीत राहायचे. बोलणं एरवी शुद्ध पुस्तकी, पण हसू आलं किंवा राग आला की तोंडातून अहिराणी बाहेर पडायची. एका मंगळवारी कापडी पिशवीतून तीनशे पानांचं हस्तलिखित काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. विषय काय, तर चीनमधल्या विचारपरंपरा आणि त्यांत ताओ मताची जागा. आमचे मालक अण्णा म्हणाले, "घेऊ या. हल्ली चिनी माल खपतो." सरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. शहाणा माणूस.

मला कन्फ्यूशियस हे नाव तेवढं माहीत होतं, तेही लोक विनोदात वापरतात म्हणून. मी सरळ विचारलं, "सर, म्हणजे चिनी लोकांचा धर्म नक्की कोणता? एक काय ते सांगा."

सर म्हणाले, "तिथेच तर सगळे चुकतात, बाई. आपण एकाच रकान्यात खूण करतो. तिकडचा जुना माणूस सकाळी कचेरीत कन्फ्यूशियसचा असायचा. वडीलधारे, साहेब, रीतभात, कुणी कुणापुढे किती वाकायचं, सगळं ठरलेलं. संध्याकाळी मळ्यात आला की लाओत्सेचा. तिथे नियम नाहीत, सृष्टी आपल्या चालीने चालते, तिच्याशी झगडू नका. आणि दारात मयत झालं की बुद्धाचे भिक्षू बोलवायचे. तिघांचं भांडण नव्हतं असं नाही. दरबारात खूप भांडले. पण एका माणसात तिघे सुखाने राहायचे."

"आणि हे लाओत्से खरे झाले की नुसती कथा?"

"कुणालाच ठाऊक नाही. नावाचा अर्थच म्हातारा गुरू. त्याच्या नावावर पुढे देवळं आली, पुजारी आले, ताईत आले, अमर होण्याची औषधं आली. पंडित म्हणतात, आधीचं ते शुद्ध तत्त्वज्ञान आणि नंतरची ती बुवाबाजी. मला हे पटत नाही. ज्या बाईने आजारी पोराच्या उशाशी ताओ पुजाऱ्याचा ताईत ठेवला, तिचाही ताओ आहेच. तिच्यासाठी एक वेगळं प्रकरण आहे माझ्या पुस्तकात."

मग त्यांनी चष्मा काढला आणि सरळ सांगून टाकलं. काचबिंदू होता. उजवा डोळा गेला होता आणि डाव्याने नळीतून पाहिल्यासारखं दिसत होतं. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. "मला हे एकदा छापील वाचायचंय, बाई. स्वतःच्या अक्षरात माणूस स्वतःला शहाणाच वाटतो. छापलं की ते परक्याचं वाटतं आणि तेव्हा विचारातल्या चुका दिसतात. तेवढं डोळे जायच्या आत झालं म्हणजे मिळवली."

मी म्हटलं, "सर, अजिबात काळजी करू नका." हे वाक्य छापखान्यातल्या माणसाने कधी उच्चारू नये. बावीस वर्षांत एवढंही शिकले नाही मी.

आमचा ऑपरेटर मधुकर. दोन मुलींचा बाप, कामाला वाघ, पण स्वतःला व्याकरणाचा मास्तर समजणारा. महिन्याभरात त्याने पहिलं प्रूफ दिलं. पहिली ओळ वाचली आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. 'ताव हे चिनी विचाराचे मूळ आहे.' खाली, 'ताव अव्यक्त आहे.' पुढे, 'तावाला आदि नाही, अंत नाही.' पानागणिक आठ-दहा ताव!

"मधुकर, इकडे ये. हा ताव कुठून आला?"

"सरांनी 'ताओ' लिहिलं होतं ताई. जुन्या माणसांचं असंच असतं, रावचं 'राओ' लिहितात, गावचं 'गाओ' लिहितात. मी सगळीकडे नीट करून टाकलं."

"अरे पण ताव म्हणजे काय?"

"कागदाचा ताव. दुसरा कुठला? चोवीस तावांचा दस्ता."

"तावाला आदि नाही, अंत नाही, हे टाइप करताना तुला काहीच वाटलं नाही?"

मधुकर शांतपणे म्हणाला, "वाटलं ना. म्हटलं, रीळवाला कागद असेल."

कपाळ माझं! मी त्या दिवशी घरी जाऊन मिसळीवर ताव मारला, दुसरं काय करणार. सरांना मात्र हे ऐकून इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. "हाई काय शे!" म्हणत टेबलावर थाप मारली. मग म्हणाले, "हे प्रूफ मी घरी नेतो दोन दिवस."

नेलं, आणि तीन आठवडे आणलं नाही. आलं तेव्हा त्याची दशा पाहवेना. समास भरलेले, ओळींच्या मध्ये ओळी, कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांना चिकटवलेल्या चिठ्ठ्या. एक प्रकरण काढून दुसरीकडे टाकलेलं आणि बाणाचं टोक भलत्याच पानावर. आमच्या धंद्यात लेखकाचा हा सगळ्यात मोठा जाच. यांना लिहिताना सुचत नाही, छापलेलं दिसलं की सुचतं. मधुकरने हात टेकले. मी सरांना तोंडावर सांगितलं, "सर, आता प्रूफ तुमच्या हातात देणार नाही. आता एकदम पुस्तकच." ते ओशाळून हसले. मला वाटलं, विषय संपला.

मधुकर चिठ्ठ्यांतला मजकूर घालत बसला. ताव अजून तसेच होते. एकेक शोधून त्यांचा ताओ करायचा म्हणजे महिना गेला असता. त्या दिवशी तो मोठ्या तोऱ्यात येऊन म्हणाला, "ताई, कॉम्प्युटरला सांगितलं, जिथे ताव दिसेल तिथे ताओ कर. अर्ध्या मिनिटात काम फत्ते." मलाही बरं वाटलं. दुसरं प्रूफ हातात घेतलं आणि पहिल्याच पानावर, ठळक टाइपात मथळा होता, 'प्रस्ताओना'.

पुढचं काय सांगू! 'ताओ साधू पर्वताओर राहत.' 'शेताओर राबणारा शेतकरी.' 'कन्फ्यूशियसच्या मताओर टीका.' आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, 'कृती न करणे याचा अर्थ हाताओर हात ठेवून बसणे नव्हे.' मराठीत 'ताव' ही अक्षरं इतक्या ठिकाणी दडून बसलेली असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. तावातावाने ओरडायला गेले तर तेही प्रुफात 'ताओाताओाने' होऊन पडलेलं.

"मधुकर! हे काय करून ठेवलंस?"

"मी नाही ताई. कॉम्प्युटरने केलं."

"आणि कॉम्प्युटरला कुणी सांगितलं?"

"उलटं करू का? ओचा परत व करतो. अर्ध्या मिनिटात."

"म्हणजे पुन्हा सगळे ताओ ताव होतील, शहाण्या!"

तो विचार करून म्हणाला, "हां. ते पण आहे."

तो जून महिना होता. ते दुसरं प्रूफ मी माझ्या खणात ठेवलं आणि रोज थोडं थोडं करून एकेक पर्वत, एकेक शेत, एकेक हात लाल शाईने सोडवायला बसले. सर दर मंगळवारी यायचे. पंचवटीहून बस पकडून, भिंतीला हात लावत जिना चढायचे. पहिल्या मंगळवारी भिंत लागत नव्हती, पुढे लागायला लागली. खुर्चीवर बसले की म्हणायचे, "बाई, आहे तसं द्या ना एकदा. चुकांसकट द्या. पर्वताओर तर पर्वताओर. मला कळेल."

आणि मी म्हणायचे, "नाही सर. माझ्या हातून चुकांचं काही बाहेर जात नाही."

खरी कारणं दोन होती आणि दोन्ही मला माहीत होती. एक म्हणजे माझा तोरा. दुसरं म्हणजे धास्ती, की हा माणूस गठ्ठा नेईल आणि पुन्हा चिठ्ठ्या चिकटवून आणेल. खण माझ्या गुडघ्याशी होता. त्यात तीनशे पानं होती. सर समोर बसलेले असायचे आणि मी खण बंद ठेवून त्यांना चहा पाजायचे.

जुलै संपता संपता आमच्याकडे दिवाळी अंक येऊन पडले. ज्यांना छापखान्याची हवा माहीत नाही त्यांना सांगते, श्रावणापासून दिवाळीपर्यंत आमच्याकडे दुसरं काही हलत नाही. अंक दिवाळीनंतर निघून चालत नाही, पुस्तकाचं काय, केव्हाही निघतं. अण्णांनी सरांचं काम बाजूला ठेवलं. मी एकदा म्हटलं, "अण्णा, त्यांची नजर..." अण्णा म्हणाले, "नलूताई, दोन महिन्यांनी काय होतंय?"  भांडायला मी कुणाच्या बापाला ऐकत नाही, पण त्या दिवशी भांडले नाही.

मध्ये अण्णांनी मुखपृष्ठ करून आणलं. त्यावर ढेरपोट्या हसरा बुद्ध, लाल फितीत बांधलेली तीन नाणी आणि कोपऱ्यात 'फेंगशुई' असा शब्द. तेव्हा ते वेड घरोघर शिरलं होतं, दारात घंटा, फ्रिजवर बेडूक. म्हटलं, "अण्णा, पुस्तकात फेंगशुईचं एक पान आहे, आणि हा हसरा बुवा ताओवाला नाही, बौद्ध भिक्षू आहे!" अण्णा म्हणाले, "लोकांना काय कळतंय?" पुन्हा तेच वाक्य! त्या वेळी मात्र मी असा तमाशा केला की मुखपृष्ठ साध्या निळ्या रंगाचं झालं. पण तोवर गावात बातमी फुटली होती. कॉलेज रोडवरून एका गृहस्थांचा फोन आला, "तुमच्याकडे ताओचं पुस्तक निघतंय ना? तिजोरी कुठल्या दिशेला ठेवायची, तेवढं पान वाचून दाखवता का?" मी त्यांना सांगितलं, "ईशान्येला ठेवा आणि किल्ली माझ्याकडे द्या." त्यांनी फोन आपटला.

सप्टेंबरनंतर सर मंगळवारी यायचे थांबले. वहिनींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, फोन आला की रिक्षातून उतरताना पाय चुकला. मी म्हटलं, पुस्तक होतच आलंय. दिवाळी झाली. मी तिसरं, चौथं, सहावं प्रूफ पाहिलं. डिसेंबरात पुस्तक बांधून आलं. मी अहंकाराने सांगते, त्या तीनशे पानांत एक वेलांटी चुकलेली नव्हती. अनुस्वार सुटलेला नव्हता. मी पहिली प्रत पिशवीत घालून पंचवटीला गेले.

दार वहिनींनी उघडलं. सर आतल्या खोलीत खिडकीशी बसले होते. मी आत गेले तेव्हा त्यांनी मान वळवली ती माझ्या थोडी डावीकडे. तेव्हाच मला कळलं, पण तोंड थांबेना. "सर, पुस्तक आणलंय. एकही चूक नाही. पैज लावून सांगते."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं. उघडलं, आणि पान डोळ्यांजवळ नेलं नाही. म्हणाले, "दिवाळीपर्यंत थोडं दिसत होतं."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. सहा प्रुफं पाहिली, तेही सांगून टाकलं.

"बाई, तुम्ही सहा वेळा वाचलंत ना?"

"सहा वेळा."

"मग सांगा. बरोबर मांडलंय का मी? तुमच्याशिवाय हे अख्खं पुस्तक कुणी वाचलेलं नाही अजून. कन्फ्यूशियसवर अन्याय तर नाही ना झाला? ताओची बाजू नीट आली का?"

 प्रूफ तपासणारा अर्थ वाचत नाही. अर्थात शिरला की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते, म्हणून आम्ही अक्षरं वाचतो, नुसती अक्षरं. मला त्या पुस्तकातला प्रत्येक काना माहीत होता. पुस्तक काय म्हणतं ते माहीत नव्हतं. 

"सर," मी म्हटलं, "मी वाचलेलं नाही. तपासलंय."

वहिनी चहा घेऊन दारातच थांबल्या.  सरांनी पुस्तक माझ्याकडे धरलं. "मग आता वाचा."

मी दर रविवारी दुपारी जाऊन वाचायला लागले. मोठ्याने, अर्थ लावत. कळलं नाही तिथे विचारायचे आणि ते समजावायचे, कधी माझ्यावर वैतागायचे. तिसऱ्या रविवारी एका पानावर त्यांनी हात वर केला.

"काय वाचलंत? पुन्हा."

"'ताओ हा मुळात संन्यासाचा मार्ग आहे.'"

"हे मी लिहिलंय?"

"हो सर. मूळ प्रतीतही असंच आहे." मला धास्ती, आमची चूक तर नाही?

"तुमची नाही, माझी आहे." सर खुर्चीत पुढे सरकले. "कन्फ्यूशियस म्हणजे गृहस्थ आणि लाओत्से म्हणजे संन्यासी, अशी मी आपल्या सोयीची वाटणी केली. चष्मा आपला, देश त्यांचा. बाई, संन्यासी घर सोडतो. ताओवाल्याला काही सोडायचं नसतं. त्याला फक्त ओढाताण करायची नसते. आमच्याकडे पाटाचं पाणी भरतात. उतार ओळखायचा आणि फावड्याने वाट करून द्यायची, पाणी ढकलावं लागत नाही. तो पाणी भरणारा काय संन्यासी आहे? घरी बायकापोरं आहेत त्याची! या एका ओळीने माझं पुढचं अख्खं प्रकरण लंगडं झालं. छापील दिसलं असतं तर पहिल्या फटक्यात सापडलं असतं."

हे ते मला लागावं म्हणून बोलले नाहीत, म्हणूनच जास्त लागलं. मी त्यांना खणाचं सांगितलं. जूनपासून गठ्ठा माझ्या गुडघ्याशी होता, तुम्ही मागत होतात तेव्हाही होता, सगळं सांगितलं. सांगताना रडले, तेही लपवत नाही.

सर म्हणाले, "तुमचंही बरोबर होतं. मी त्या तीनशेची सहाशे करून आणली असती." त्यांनी माझी समजूत घातली, आणि तिचा मला काडीचा उपयोग झाला नाही. मग त्यांनी दुरुस्ती सांगितली आणि मी ती समासात लिहून घेतली.

पुस्तकं तोवर गावोगावच्या कॉलेजांना गेली होती. पुस्तकात घालायला शुद्धिपत्राची चिठ्ठी छापू या म्हटलं, तर अण्णा म्हणाले, एका ओळीसाठी? पुढच्या आवृत्तीत बघू. मराठीत चिनी तत्त्वज्ञानाच्या पुढच्या आवृत्त्या निघत नसतात. सर दोन वर्षांनी गेले. मध्ये एक प्राध्यापक भेटले, म्हणाले, आमच्याकडची मुलं दर परीक्षेत लिहितात, ताओ म्हणजे संन्यास. मी त्यांच्यावरच खेकसले. बिचाऱ्यांना कारण कळलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितलं होतं. लिहिल्या. आता ज्यांच्या घरी किंवा कॉलेजात ते निळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक असेल, त्यांनी पान एकशे त्रेचाळीस काढा. वरून सातवी ओळ. 'ताओ हा मुळात संन्यासाचा मार्ग आहे' हे वाक्य खोडा आणि समासात लिहा, 'ताओ हा सोडून जाण्याचा मार्ग नाही. आहे तिथे राहून ओढाताण न करण्याचा मार्ग आहे.' वाक्य सरांचं आहे, मी फक्त लिहून घेतलंय. त्या जूनमध्ये एका मंगळवारी मी खण उघडला असता, तर हे काम तुमच्यावर आलं नसतं.